रिलीजच्या पाच आठवडे आधी अल्बम लीक झालाय, आता विकला जाईल का?

पत्र असं आहे:

ताई, आमच्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम येतोय, आठ गाणी आहेत, तीन वर्षं लागली. रिलीजला पाच आठवडे असताना कळलं की अख्खा फोल्डर कुणीतरी पुढे पाठवलाय, डाउनलोडच्या लिंका फिरतायत आणि चॅट ग्रुपमध्ये लोक एकमेकांना ऐकलं का विचारतायत. त्यात दोन गाण्यांचे व्होकल तर फायनल पण नव्हते. आमचा गिटारिस्ट म्हणतो आता डिजिटल काढायचंच नाही, फक्त सीडी आणि व्हायनल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्या, काढू, डाउनलोडनीच सगळी वाट लावलीये. ड्रमर म्हणतो सगळं फुकट टाकू आणि मोकळे होऊ. मला झोप नाही. फोल्डर फक्त सहा जणांकडे होता, त्यात माझा शाळेपासूनचा मित्र आहे आणि संशय त्याच्यावरच आहे. अल्बम आता विकला जाईल का?
– पाच आठवडे

पाच आठवडे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विक्रीचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे पण मला त्याच्या वरचं जास्त ऐकू आलं. तीन वर्षं तुम्ही ज्याला हात लावू दिला नाहीत ते तुम्ही "घ्या, ऐका" म्हणायच्या आधीच लोकांच्या कानात गेलं, आणि ते पण दोन गाण्यांच्या कच्च्या गळ्यासकट. याचं वाईट वाटणं अगदी बरोबर आहे आणि कुणी तुला "अरे पब्लिसिटीच झाली की फुकटात" म्हणून गप्प करत असेल तर त्याचं ऐकू नकोस. पब्लिसिटी झाली असेल नसेल, तुमचा तो एक क्षण गेला हे खरं आहे.

आता विक्रीचं बोलू, कारण तुमच्यात भांडण त्यावरून चाललंय आणि मला वाटतं तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून बसलायत. लीक वेगळा, डाउनलोड वेगळा. एकानी तुमची तारीख चोरली, दुसऱ्यानी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अल्बम ही वस्तूच बदलून टाकली, आणि गिटारिस्टचा राग दुसऱ्यावर आहे पण तो पहिल्यावर उपाय म्हणून काढतोय.

थोडं मागे जाते. लीक काही इंटरनेटनी शोधून काढले नाहीत. सीडी छापायच्या कारखान्यातून डिस्क बाहेर यायच्या, रेडिओवाल्यांना आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना आधी पाठवलेल्या प्रोमो कॉप्या फिरायच्या, आणि एमपी३ आल्यावर तर त्यांच्या फाईल बनवून इंटरनेटवर टाकणारे ग्रुपच होते, दुकानात यायच्या आधी कोण आणतं याची त्यांच्यात चढाओढ लागायची. पण ते सगळं मोजक्या माहीतगार लोकांपुरतं होतं. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, लोकांना एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी फुकट घेऊ देणारा प्रोग्रॅम, आणि ज्याला गाण्याचं नाव टाईप करता येतं त्याला ते गाणं मिळायला लागलं. २००० मध्ये मेटालिका या बँडनी नॅपस्टरवर केस टाकली, त्याची सुरुवात सुद्धा लीकपासूनच झाली होती, त्यांच्या एका गाण्याचं अपुरं रेकॉर्डिंग रिलीजच्या आधी नॅपस्टरवर आलं आणि तिथून रेडिओवर वाजायला लागलं. त्यांनी तीन लाखांहून जास्त युजर्सच्या नावांची यादी नॅपस्टरला नेऊन दिली की यांना काढा. २००१ च्या जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडलं. लोक दुसऱ्या प्रोग्रॅमवर गेले, आणि त्या यादीतले बरेचसे मेटालिकाचे स्वतःचे चाहते होते हे लोक कितीतरी वर्षं विसरले नाहीत. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण तुझ्या डोक्यात आत्ता चॅट ग्रुपमधल्या लोकांवर तुटून पडायचं येत असणार.

विक्री पडली का? पडली, प्रचंड पडली. जगभरातली रेकॉर्डेड म्युझिकची कमाई १९९९ च्या आसपास शिखरावर होती आणि २०१४ पर्यंत ती साधारण ४० टक्के खाली आली. अमेरिकेत २००० साली ९४ कोटी सीडी बाजारात गेल्या, २०२२ मध्ये साडेतीन कोटी पण नाही. हे आकडे बघितले की वाटतं बस, पायरसीनीच मारलं. आणि काही प्रमाणात ते खरं आहेच, बऱ्याच अभ्यासांत फाईल शेअरिंगमुळे विक्री कमी झाली असंच निघालंय, मी ते नाकारणार नाही. उलट बाजूला ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांचा २००७ चा पेपर आहे, त्यांनी डाउनलोडचा खरा डेटा अल्बमच्या विक्रीशी जुळवून बघितला आणि परिणाम जवळजवळ शून्य आहे असं मांडलं, त्यावर खूप वाद झाले.

पण या वादात एक गोष्ट मागे पडते आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची आहे. २८ एप्रिल २००३ ला ॲपलचं गाणी विकणारं ऑनलाइन दुकान, आयट्यून्स स्टोअर, सुरू झालं, एक गाणं ९९ सेंट, आणि पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. म्हणजे लोक पैसे द्यायला तयार होते! फक्त ते अल्बमचे पैसे देत नव्हते, गाण्याचे देत होते. सीडीच्या काळात एक गाणं आवडलं तरी बाकीची दहा-अकरा बरोबर घ्यावी लागायची आणि रेकॉर्ड कंपन्यांचा अख्खा हिशोब त्या "बरोबर घ्यावी लागणाऱ्या" गाण्यांवर उभा होता. तो हिशोब चोरानी मोडला नाही, कायदेशीर दुकानानीच मोडला. नंतर स्ट्रीमिंग आलं आणि २०१२ नंतर अमेरिकेत विकत घेतलेले गाण्यांचे डाउनलोड पण खाली जायला लागले. २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्ड या अमेरिकी मासिकानी अल्बमची क्रमवारी मोजताना विकलेली दहा सुटी गाणी म्हणजे एक अल्बम आणि १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशोब लावला (पुढे तो आकडा बदलला). एक अल्बम म्हणजे १५०० वेळा प्ले. हे वाचून तुझ्या गिटारिस्टला काय वाटेल मला कळतंय, मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

म्हणून त्याला सांग की तुझा राग खरा आहे पण उपाय उलटा आहे. डिजिटल काढलं नाही तर डिजिटल नसणार असं नाही होत, फाईल तर बाहेर आहेच, फक्त पैसे घेणारी नसणार. ज्याला गाणी आवडली आणि जो आज रात्री तुमची वस्तू विकत घ्यायला निघालाय त्याला दार बंद आणि ज्याला फुकट हवंय त्याला सताड उघडं, अशी ती अवस्था होईल. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा करून चोराला काहीच होत नाही हे एका मोठ्या कंपनीनी करून बघितलंय. २००५ मध्ये सोनी बीएमजीनी कॉपी होऊ नये म्हणून आपल्या सीड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं की ते विकत घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसायचं आणि त्याची सुरक्षा कमकुवत करायचं. ज्यानी फुकट डाउनलोड केलं त्याला काही त्रास नाही, ज्यानी पैसे मोजले त्याचा कॉम्प्युटर धोक्यात. कोर्टकचेऱ्या झाल्या, सीड्या परत मागवाव्या लागल्या.

आणि लोक फुकट का घेतात हे पण थोडं समजून घे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडनी त्यांचा अल्बम स्वतःच्या साईटवर "हवे तेवढे पैसे द्या" म्हणून टाकला, शून्य दिले तरी चालत होतं. तरीसुद्धा लाखो लोकांनी तो टॉरेंटवरूनच, म्हणजे एकमेकांकडून फाईल उतरवूनच, घेतला. फुकट तिथेही होतं आणि इथेही होतं, मग टॉरेंट का? सवय. हाताशी जे असतं तिथून माणूस घेतो, त्यात दरवेळी वाईट हेतू असतोच असं नाही. आणि एवढं होऊनही त्याच अल्बमची सीडी नंतर दुकानात आली तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या नंबरला गेली.

आता लीकबद्दल. तुला बरेच जण धीर देताना मोठी नावं सांगतील, आणि ती उदाहरणं खरी पण आहेत. रेडिओहेडचाच २००० सालचा अल्बम रिलीजच्या काही आठवडे आधी नॅपस्टरवर फिरत होता, एकही गाणं आधी सुटं काढलं नव्हतं, तरी अमेरिकेत त्यांचा पहिल्यांदा पहिला नंबर आला. रॅपर एमिनेमचा २००२ चा अल्बम लीक झाला म्हणून तारीख जूनवरून मेच्या शेवटी ओढली, आणि तो त्या वर्षीचा अमेरिकेतला सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम ठरला. लिल वेन या रॅपरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २००७ मध्ये त्याची अल्बमसाठीची गाणी ढिगानी बाहेर आली, तर त्यानी त्यातली काही गाणी घेऊन डिसेंबरमध्ये सरळ एक छोटा रिलीज काढला आणि अल्बमसाठी नव्यानी काम केलं. जून २००८ मध्ये अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात दहा लाखांच्या वर खपला, नव्या गाण्यांसकट.

पण मी तुला ही उदाहरणं देऊन खूश करणार नाही, कारण तू लिल वेन नाहीयेस आणि खोटा धीर पाच आठवड्यांत उघडा पडतो. रॉबर्ट हॅमंड नावाच्या एका अर्थतज्ज्ञानी नेमकं हेच तपासलं होतं, रिलीजच्या आधी फाईल शेअरिंगवर आलेल्या अल्बमचं विक्रीत काय होतं. त्याला नुकसान दिसलं नाही, उलट किंचित फायदा दिसला, पण किती, तर एक महिना आधी लीक झाला तर साधारण ६० कॉप्या जास्त. साठ! आणि तो फायदा पण मुख्यतः आधीच नाव असलेल्या कलाकारांना, नवीन लोकांच्या वाट्याला जवळपास काही नाही. कारण सरळ आहे, मोठ्या नावाचा लीक ही बातमी असते, लाखो लोक आधीच वाट बघत असतात, त्यांच्यात बोलणं सुरू होतं आणि बोलण्यातून विक्री होते. नवीन बँडचा लीक बहुतेक वेळा कुणाला कळत पण नाही. म्हणजे लीकनी तुम्ही बुडणार असंही नाही आणि लीकनी तुम्ही तरणार असंही नाही.

मग तुमचं नक्की नुकसान काय झालं? मला जे दिसतं ते असं की माणसाला तुमची गाणी हवीशी वाटायची वेळ आणि ती विकत मिळायची वेळ यांची फारकत झाली. पूर्वी रिलीजची तारीख म्हणजे दोन्ही एका दिवशी. आज रात्री कुणीतरी ग्रुपवर तुमचं तिसरं गाणं ऐकतंय, त्याला आवडलं, तो बँडचं नाव शोधतो, आणि त्याला काय मिळतं? एक पोस्टर, पाच आठवड्यांनंतरची तारीख. तो माणूस पाच आठवड्यांनी परत येणार नाही, त्याच्याकडे फाईल आहे आणि त्याचा उत्साह आजचा आहे. लीकमधून खरा तोटा इथे होतो. मोठ्या कंपन्यांना पण हे उशिरा कळलं, पूर्वी एका देशात सोमवारी अल्बम यायचा, दुसऱ्यात मंगळवारी, आणि मधल्या तासांत इंटरनेटवरून सगळीकडे पोचलेला असायचा, शेवटी १० जुलै २०१५ पासून बहुतेक सगळ्या जगानी शुक्रवार हा एकच दिवस धरला.

त्यामुळे माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर दुकान आत्ता उघडा. ब्यॉर्क या गायिकेनी हेच केलं होतं, २०१५ च्या मार्चमध्ये यायचा अल्बम जानेवारीत लीक झाला तर काही दिवसांत तिनी डिजिटल विक्री सुरू करून टाकली, आणि सीडी-व्हायनल आपल्या ठरल्या वेळी मार्चमध्ये आलं. त्याच सुमारास मॅडोनाच्या अल्बमचे अपुरे डेमो बाहेर आले होते, तर तिनी २० डिसेंबर २०१४ ला तयार झालेली सहा गाणी लगेच विकायला ठेवली आणि बाकीचा अल्बम नंतर दिला. तुमची परिस्थिती मला या दोघींच्या मधली वाटते. सहा गाणी तुमच्याकडे तयार आहेत ना? ती या आठवड्यात विकायला ठेवा. ज्या साईटवर कलाकार स्वतः पान उघडून विकतो तिथे, बँडकॅम्पसारख्या, डिजिटलवर त्यांचा १५ टक्के वाटा असतो आणि वस्तूंवर १०, पण पान एका संध्याकाळी उभं राहतं, आणि मुख्य म्हणजे ज्यानी घेतलं त्याच्याशी तुमचा थेट संबंध राहतो. त्याच पानावर अख्ख्या अल्बमची आगाऊ नोंदणी ठेवा, ज्यानी आज पैसे दिले त्याला सहा गाणी आज आणि दोन त्या दिवशी.

स्ट्रीमिंगच्या ठिकाणी एवढं पटकन जमत नाही, गाणी सगळ्या साईटवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला फाईल दिल्यापासून सगळीकडे दिसायला वेळ लागतो आणि स्पॉटिफायवर फॉलोअर्सच्या आपोआप बनणाऱ्या यादीत गाणं नक्की जावं असं असेल तर निदान सात दिवस आधी त्यांच्याकडे ते सुचवावं (पिच करावं) लागतं. म्हणून तिथली तारीख दोन-तीन आठवड्यांवर आणा, पाचवर ठेवू नका आणि घाबरून उद्यावर पण आणू नका.

त्या दोन गाण्यांबद्दल वेगळं बोलते कारण मला वाटतं तुझी झोप खरं तर त्यांनी उडवलीये. कच्चा गळा लोकांनी ऐकला. त्यातले बरेच जण तेच फायनल समजणार, आणि काही जणांना तर पुढे खरं व्हर्जन आल्यावर कच्चंच जास्त आवडणार, तयारी ठेव. ती दोन गाणी घाईनी उरकू नका, प्लीज. लीकनी तारीख नेली, निदान गाणं तरी पूर्ण तुमच्या मनासारखं होऊ दे. आणि जिथे लिंका फिरतायत तिथे तुम्ही चौघांनी स्वतःच्या नावानी जाऊन साधं लिहा, की हे आमचं आहे, अर्धवट आहे, दोन गाण्यांचे व्होकल अजून झालेले नाहीत, तुम्ही ऐकलंत याचा राग नाही, बरोबर आवाजातली सहा गाणी इथे आहेत आणि आवडलं तर घ्या. बस. उपदेश नको, केसची धमकी नको, "आमची मेहनत" वगैरे पण फार नको. ज्यानी आधीच ऐकलंय तो तुमचा अजून न झालेला गिऱ्हाईक आहे, त्याला आरोपी करून काही मिळत नाही.

लिंका काढायला सांगायचं ते जरूर सांगा, फाईल ठेवणाऱ्या बहुतेक साईटवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, व्हिडिओच्या साईटवर कुणी टाकलं असेल तर तिथेही. पण चौघांपैकी एकानीच हे काम घ्यायचं आणि दिवसाचा एक तास, त्याच्यावर नाही. एक लिंक काढली की दुसरी येते आणि त्या मागे लागलात तर पुढचे पाच आठवडे तुम्ही बँड राहणार नाही.

ड्रमरचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही, फक्त अर्धं वाटतं. फुकट टाकणं हा निर्णय असू शकतो, पण वैतागून फुकट टाकणं आणि विचार करून फुकट टाकणं यात खूप अंतर आहे. नाईन इंच नेल्स या अमेरिकी बँडनी २००८ च्या मार्चमध्ये ३६ ट्रॅकचा अल्बम काढला, पहिले नऊ ट्रॅक फुकट, सगळे हवे तर पाच डॉलर, दोन सीडींचा सेट दहा डॉलर, आणि वर ३०० डॉलरचा सही केलेला मोठा संच, फक्त २५०० नग. ते सगळे नग संपले आणि पहिल्या आठवड्यात सगळं मिळून सोळा लाख डॉलरच्या वर जमले. आणि परवाना असा होता की फाईल पुढे पाठवणं कायदेशीरच होतं, लोक कुठूनही फुकट मिळवू शकत होते, तरी ॲमेझॉनवर त्या वर्षी सगळ्यात जास्त विकला गेलेला एमपी३ अल्बम तोच होता. मोठं नाव आहे, मान्य, तुमच्या २५०० प्रती जाणार नाहीत. पण रचना बघा, फुकट होतं तिथेच शेजारी पैसे द्यायची जागा होती, आणि ज्याला जास्त प्रेम आहे त्याला जास्त द्यायची पण सोय होती. ड्रमरला विचार, फुकट टाकल्यावर ज्याला पैसे द्यावेसे वाटतील त्यानी ते कुठे द्यायचे? याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर त्याचंही ऐका.

आणि गिटारिस्टचं व्हायनल काढाच, मी त्याच्या बाजूनी आहे त्यात. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हायनलचे नग सीडीपेक्षा जास्त विकले गेले, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे ऐकायला फोन आहे हे माहीत असूनही लोकांना हातात धरायला काहीतरी हवंय. थोड्याच प्रती काढा, आत गाण्यांचे शब्द, त्या तीन वर्षांतले फोटो, त्या दोन गाण्यांची कच्ची व्हर्जन हवी तर डाउनलोड कोडबरोबर द्या, आता ती लाजायची गोष्ट राहिली नाहीये. पण व्हायनल हे डिजिटलच्या शेजारी ठेवायचं, त्याच्या जागी नाही.

आता तुझा मित्र.

मी पूर्वी काही वर्षं एका छोट्या बँडची व्यवस्था बघायचे, शो ठरवणं, सीड्या घेऊन जाणं, हिशोब. आमचा पण एक रेकॉर्डिंगचा फोल्डर बाहेर गेला होता, आणि मला खात्री होती, अगदी शंभर टक्के खात्री, की ते साउंड बघणाऱ्या मुलानी केलं. सगळ्यांसमोर बोलले त्याला. तो काहीच बोलला नाही, वायरी गुंडाळल्या आणि गेला. दीड-दोन महिन्यांनी मी दुसरंच काहीतरी शोधताना तो शेअर केलेला फोल्डर उघडला तर त्याची सेटिंग "ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही" अशी होती, आणि ती मीच तशी ठेवली होती, कारण ड्रमरला उघडत नव्हतं म्हणून एका रात्री घाईत बदललं आणि परत बंद करायचं विसरले. लिंक कुठून कुठे गेली हे कधीच कळलं नाही. मी त्याला फोन केला, माफी मागितली, तो "ठीक आहे" म्हणाला, पण त्यानी परत आमच्याबरोबर काम केलं नाही. इतकी वर्षं झाली, मला ते रेकॉर्डिंग कुठपर्यंत गेलं याचं काही वाटत नाही, त्या मुलाचा चेहरा मात्र अजून आठवतो.

तेव्हा मित्राशी बोलायच्या आधी तू फोल्डरची सेटिंग बघ. कुणाला ॲक्सेस होता, लिंक उघडी होती का, सहा जणांपैकी कुणी स्टुडिओच्या किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं का. मग सहाही जणांना एकच प्रश्न विचार, एकट्याला नाही, आणि प्रश्न "तू केलंस का" असा नको, "तुझ्याकडून कुणाला ऐकायला दिलं गेलं का, आम्हाला फक्त कुठपर्यंत गेलंय ते समजून घ्यायचंय" असा ठेव. शक्यता अशी आहे की कुणीतरी अभिमानानीच पाठवलं असेल, "बघ माझ्या दोस्तांनी काय केलंय" म्हणून एकाला, त्या एकानी ग्रुपवर. ते चूकच आहे आणि तुला राग यायचा हक्क आहे, पण ते विकून टाकणं नाही. आणि त्यानीच केलं असं निघालं तरी चौघांसमोर नको, तुम्ही दोघं बसा.

पुढच्या वेळेसाठी एकच, प्रत्येकाला वेगळी लिंक आणि प्रत्येकाच्या फाईलमध्ये एखादी छोटी खूण, रेकॉर्ड कंपन्या प्रोमो कॉप्यांमध्ये कित्येक वर्षं असंच करतायत. खूण असेल तर संशय घ्यावा लागत नाही, आणि संशय घ्यावा न लागणं हे मैत्रीसाठी फार बरं असतं.

विकला जाईल का, विचारलंयस. माझा अंदाज, खूप नाही, पहिला अल्बम कुणाचाच खूप विकला जात नाही, आणि जे अपवाद सांगितले जातात ते अपवादच असतात. आर्क्टिक मंकीज हा ब्रिटिश बँड, ते शोमध्ये डेमो सीड्या फुकट वाटायचे, चाहत्यांनी त्या इंटरनेटवर पसरवल्या, आणि २००६ च्या जानेवारीत पहिला अल्बम आला तो ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांच्या वर गेला. पण अशाच डेमो वाटलेल्या इतर शेकडो बँडची नावं आपल्याला माहीत पण नाहीत. मला तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र महत्त्वाची वाटते, लोक एकमेकांना ऐकलं का विचारतायत ही. पहिल्या अल्बमबद्दल कुणी कुणाला असं विचारत नाही रे सहसा. ते विचारतायत तोपर्यंतच, म्हणजे या आठवड्यात, ते पान उघडं पाहिजे.

पान झालं की लिंक मला पाठव. सहा गाणी मी आत्ता घेईन, आणि उरलेल्या दोनची तुमच्या तारखेपर्यंत वाट बघेन. फिरतंय ते व्हर्जन मला कुणी पाठवलं तरी ऐकणार नाही.

– ताई